एक धागा वाढला म्हणून

तीनशे बारा लेबलं हवी होती. मी दहा हजारांची सोय करून ठेवली आणि बटण दाबलं.

पहिली तीनशे बारा शहाण्यासारखी आली. दुकानाचं नाव, गाव, खोक्याचा नंबर, सगळं जागच्या जागी. मी खुर्चीत मागे रेललो, हाताची घडी घातली, आणि पुढचं लेबल कोरं आलं. त्याच्या पुढचंही कोरं. मग कोरं, कोरं, कोरं. प्रिंटर थांबेना आणि मला त्याचं थांबवायचं बटण सापडेना. लेबलांची पट्टी टेबलावरून खाली उतरली, माझ्या पायांना वेढा घालून दोन रॅकांमधल्या वाटेने सरळ चालू लागली. मी तिच्यामागे धावलो. खरं तर प्रिंटरकडे धावायला हवं होतं. पण तेवढं सुचायला डोकं जागेवर लागतं.

वाटेच्या त्या टोकाकडून एक उंच, वाळका माणूस येत होता. पट्टीचं टोक त्याने उचललं होतं आणि अंगठा नि कोपर यांच्यामध्ये ती सुतासारखी गुंडाळत, चाल जराही न मोडता, तो माझ्यापर्यंत आला. मला ओलांडून गेला, प्रिंटरची वायर भिंतीतून उपटली, आणि समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "किती पायजे व्हती?"

"तीनशे बारा."

"मंग जागा कितीची केलीस?"

"दहा हजारांची. कमी पडू नये म्हणून."

"कमी पडू नये म्हनून घेतलीस, ते बरोबर. काम झाल्यावर उरलेली कापली न्हायस, ते चूक."

गुंडाळी माझ्या हातात देऊन तो माणूस आला तसाच चालत निघून गेला. हे आमचे मास्तर.

भिवंडीच्या बाहेर, हमरस्त्याला लागून जी गोदामांची रांगच्या रांग आहे, त्यातल्या एका औषधांच्या गोदामात मी नोकरीला लागलो त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. वय सेहेचाळीस. त्याआधी कापडाच्या दुकानात होतो. "कॉम्प्युटर येतो का?" या प्रश्नाला मी "येतो" म्हणून बसलो होतो, कारण मुलाखतीत "येत नाही" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन रविवारांच्या एका वर्गात मला मॅक्रो दाखवले होते. मॅक्रो म्हणजे स्प्रेडशीटला एकदा शिकवून ठेवलेलं काम. आपण बटण दाबायचं, ती करते. वर्गात सगळ्यांचं चालायचं. माझंही चालायचं. थांबायचं नाही, हे गोदामात कळलं.

मास्तरांचा शाळेशी काही संबंध नव्हता. नारपोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. शेवटची काही वर्षं बीम भरायच्या कामावर ते मुख्य होते. बीम म्हणजे कापडाचे उभे धागे ज्यावर गुंडाळतात तो जाडजूड रूळ. तिथलं 'मास्तर' हे नाव त्यांच्याबरोबर गोदामात आलं. कारखाना बंद पडला तेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रद्दीतून एक इंग्रजी पुस्तक आणून हा माणूस मॅक्रो शिकला. मी एकदा विचारलं, "मास्तर, इंग्रजी येत होतं तुम्हाला?"

"त्यात काय यायचंय? नुसत्या आज्ञा तर हायत. हे कर, ते कर, न्हायतर थांब. मुकादमाची भाषा हाय ती."

मास्तर बसत नसत. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. पाच वर्षांत मी त्यांना खुर्चीत बसलेलं पाहिलेलं नाही. चार खोक्यांची थप्पी, तिच्यावर कीबोर्ड, तिच्यापुढे हे उभे. कंपनीने दिलेल्या खुर्चीत त्यांचा डबा बसायचा. दोन ओळी लिहायच्या, गोदामाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, तिसरी ओळ लिहायची. फोन आला की चालत बोलायचं. कित्येकदा फोन संपेपर्यंत ते शेजारच्या गोदामाच्या फाटकाशी पोचलेले असत आणि तिथला वॉचमन त्यांना सलाम करून परत पाठवत असे.

"चार लूम सांभाळनारा मानूस बसला, का समजायचं एक लूम थांबली," ते म्हणत. गोदामात एकही लूम नव्हती. पण त्यांच्याकडे बघून आपल्याच पायांत मुंग्या यायच्या. मी मूळचा बसका माणूस. आमच्या घराण्यात बैठक हा गुण मानतात. तरी त्यांच्या शेजारी काम करून करून माझा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला, तो अजून हलतो. हे लिहितानाही मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. कुणाची कागाळी करायची झाली तर ते त्याला शेजारी उभा करूनच करत. नाहीतरी त्याला ऐकू जाणारच होतं.

आणि ते मोजायचे. चहा सांगण्याआधी डोकी मोजायचे. शेअर रिक्षा थांबली की आतली माणसं मोजून रिक्षावाल्याला परस्पर सांगायचे, "जा तू, तुझी भरली." रिक्षावाल्याचं मत वेगळं असे. तो म्हणे, "चाचा, अभी दो और बैठेंगे." मग त्या दोघांचा वाद मिटेपर्यंत बाकीचे आम्ही चालत निघालेले असू.

दुपारी आम्ही आठजण लांब बाकावर डबे उघडायचो. मास्तर अर्थात उभे. माझी जागा त्यांनी बाकाच्या अगदी टोकाला ठरवून दिली होती. मला वाटलं, मान देतायत. एक दिवस कारण कळलं. दोन बाजूंची मांडणी असेल, म्हणजे ओळी आणि स्तंभ, तर आतला माल न सांडता मशीन फक्त शेवटची बाजू वाढवू देतं. म्हणून जे वाढणार ते शेवटी ठेवावं. "या बाकावर एकच गोष्ट वाढतेय," माझ्या पोटाकडे बघत मास्तर गरजले, "ती कडेला ठेवली." आठ डबे हसले. पॅकिंगच्या बायका पलीकडून हसल्या. तांत्रिक ज्ञान इतक्या वैयक्तिक पद्धतीने मला कुणीही दिलेलं नाही.

मुलगी दहावी झाली तेव्हा टेमघरला आमच्या घरी पूजा ठेवली होती. मास्तर आले, पण आत येईनात. दारातल्या चपलांपुढे बोट नाचवत उभे. बायको बाहेर गेली.

"या ना भावजी, आत या."

"वहिनी, त्रेचाळीस पायताणं हायत."

"बरं मग?"

"साडेएकवीस मानसं झाली."

"अर्धं कोण आलंय?" बायको म्हणाली.

हे तिने थट्टेने म्हटलं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. चव्वेचाळिसावी चप्पल शोधायला ते दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरले. आत आरती सुरू झाली आणि जिन्यात यांचे जाण्यायेण्याचे पाय वाजतायत. कुणाच्या तरी लाथेने ती कठड्यातून खालच्या मजल्यावर पडली होती. ती घेऊन ते वर आले, जोडीला लावली, आणि भटजींच्या वरच्या पट्टीत म्हणाले, "बावीस! आता तळा पुऱ्या."

त्या दिवशी आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच काही कमी पडलं नाही. रात्री भांडी पुसताना बायको म्हणाली, "हा माणूस घरात नको बाई, पण दाराशी कायम असावा."

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ तिच्याभोवती फिरतोय ते मलाही कळतंय.

लेबलांच्या फजितीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुन्हा म्हणून काही उरायला नको! मी एका कप्प्याची जागा घ्यायला लागलो. एक ओळ आली, भरली. दुसरी आली, की मशीनला म्हणायचं, आणखी एक वाढव. तिसरी आली, आणखी एक. जितकं लागेल तितकंच. संसारी माणसाला शोभेल असा तो मॅक्रो होता. मास्तर माझ्या मागून जात होते ते पडदा बघून थांबले. ते थांबले की काहीतरी भयंकर असायचं.

"हे काय लिहिलंस?"

"एक ओळ आली की एक कप्पा वाढवतो."

"तू वाढव म्हनतोस तेव्हा मशीन काय करतं, ठावं हाय?"

"वाढवतं."

"न्हाय वाढवत. शेजारी जागा मोकळी असंलच असं कुठं हाय? ते दुसरीकडं नवी रांग मांडतं, एक कप्पा जास्तीची. जुन्यातलं सगळं उचलून नव्यात नेतं. जुनी मोडतं. पुढची ओळ आली का परत तेच. शंभराव्या ओळीला आधीच्या नव्यान्नवांचं बिऱ्हाड हलतं." त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे भाऊ, एक धागा वाढला म्हनून कोनी भरलेला बीम उलगडून दुसऱ्या बीमवर गुंडाळतो काय? दर धाग्याला?"

"मग काय करायचं?"

"आधी मोज. यादीवरून एकदा नुसता फिरून ये, काही उचलू नको. किती लागतील ते बघ. एकदाच तेवढी जागा घे. मंग दुसऱ्यांदा फिर आनि भर."

मला पटलं. मी मान हलवली. आणि काहीही बदललं नाही, कारण तीनशे ओळींचं काम पापणी लवेपर्यंत होत होतं. तीनशे ओळींना कुठलीही चूक पचते.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. बत्तीस वर्षांचा तरुण माणूस, स्वभावाने वाईट नाही. काचेच्या केबिनमध्ये एसी लावून बसायचे आणि समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्यातून सगळ्यांच्या जागा बघायचे. त्यांच्या पडद्यावर माझ्या जागी मी दिसायचो. मास्तरांच्या जागी डबा दिसायचा.

दुसऱ्या महिन्यात साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून सरळच सांगितलं. "काका, मास्तरजी, हेड ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर येतंय. मॅक्रोचं काम कमी होणार. या डेस्कवर दोघांपैकी एक राहील. महिनाअखेरीला मला नाव कळवायचंय. ओके?"

मी म्हणालो, "ओके सर." मास्तर तोवर केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बिघडलं. भांडण नाही. पण मी काही विचारायचं टाळायला लागलो. विचारणं म्हणजे येत नाही हे कबूल करणं, आणि दोघांपैकी एक निवडायचा असताना कबुली कोण देतो? मी पन्नाशी ओलांडलेला, मुलगी कॉलेजात. कापडाच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. मास्तर अठ्ठावन्नचे. त्यांनाही दुसरीकडे कोण विचारणार होतं? हा दुसरा हिशेब मी तेव्हा केला नाही. पहिलाच पुरेसा होता.

मग तो दिवस आला. दुपारी दीडला साहेब केबिनमधून जवळजवळ धावत बाहेर आले. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या एका बॅचमध्ये दोष निघाला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात ते थेंब. ती बॅच गेल्या काही महिन्यांत कुठल्या कुठल्या दुकानांत गेली, त्याची यादी चारच्या आत हवी होती, म्हणजे दुकानांना फोन करून माल थांबवता आला असता. शिवाय चारलाच वज्रेश्वरीच्या बाजूची गाडी सुटायची होती आणि तिच्यात तीच बॅच असण्याची शक्यता होती.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मी जागेवर होतो. "काका, तुम्ही करा. फटाफट."

माझा मॅक्रो तयार होता. पाठवलेल्या मालाची सगळी पानं उघडली. सवा लाखावर ओळी. बटण दाबलं. वर्तुळ फिरायला लागलं.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पडदा पांढुरका झाला. मला आतलं दृश्य दिसत होतं, हीच तर मास्तरांची शिक्षा: एक ओळ आली, सगळं बिऱ्हाड उचललं, नव्या जागी नेलं, मांडलं, दुसरी ओळ आली, उचला परत. हजारो वेळा, दर वेळी आधीपेक्षा मोठं. टेबलाखाली माझा पाय इतका हलत होता की टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूहळू कडेला सरकत होता. वीस मिनिटं. साहेब काचेतून हाताने विचारत होते, किती? मी पाच बोटं दाखवत होतो. दर पाच मिनिटांनी पाच बोटं.

मास्तर मागून फेऱ्या घालत होते. तिसऱ्या फेरीला ते माझ्या कानाशी वाकले आणि गुपचूप म्हणाले, म्हणजे गोदामभर ऐकू गेलं, "आधी मोज."

"बघतो मास्तर."

"किती मिनिटं झाली?"

"होतंय ना!" मी जरा जोरातच म्हणालो. पॅकिंगच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. मास्तर सरळ झाले आणि चालत लांब गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

चाळिसाव्या मिनिटाला माझा हट्ट संपला. पण "मास्तर, या" एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. मी काय केलं, तर उठलो. मोठ्याने म्हणालो, "जरा पाणी पिऊन येतो." पाण्याचा ग्लास टेबलावर भरलेला होता.

मी कूलरपर्यंत गेलो. तिथून तिरकं दिसत होतं. मास्तर आले. बसले नाहीत. उभ्याउभ्याच कंबरेत वाकून त्यांनी माझा मॅक्रो मारून टाकला, वर चार ओळी लिहिल्या, मधली एक खोडली. पहिली फेरी नुसती मोजायची. एकदाच जागा. दुसरी फेरी भरायची. बटण दाबलं, पडद्याकडे एकदा बघितलं, आणि गाडी लागली होती त्या फाटकाकडे लांब टांगा टाकत निघून गेले. कूलरवर भरून घेतलेला माझा ग्लास अजून अर्धाही व्हायचा होता.

मी जागेवर येऊन बसलो. समोर यादी होती. दुकान, गाव, नग, तारीख. प्रिंट काढतोय तोच साहेब शेजारी.

"झालं?"

"झालं सर."

"ग्रेट, काका! मला वाटलं अडकलं." त्यांनी फाटकाकडे बघितलं. तिथे मास्तर गाडीत चढून खोकी उलटीपालटी करत होते. "आणि हे मास्तरजी कुठे फिरतायत? अशा वेळीसुद्धा?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी आजवर इतक्या वेळा मनात बोललोय की त्याच्या काना-मात्रा पाठ आहेत. यादी त्यांनी केली सर, आणि आता गाडीतली बॅच उतरवतायत. बस. त्याऐवजी मी यादीतल्या पहिल्या दुकानाचा नंबर फिरवला आणि "हॅलो" म्हणालो. हॅलो म्हणणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

माल सगळा थांबला. गाडीतून आठ खोकी उतरली. वज्रेश्वरीच्या दुकानदाराने तर मागचा बॉक्स फोडलाही नव्हता. कुणाच्या डोळ्याला काही झालं नाही. महिनाअखेरीला नाव माझं राहिलं.

जायच्या दिवशी मास्तरांनी आपल्या चार खोक्यांची थप्पी उतरवली, खोकी जिथून आणली होती त्या रॅकवर परत लावली. डबा काखेत मारला. सगळ्यांना हात केला. मलाही केला, कमी-जास्त काही नाही, सगळ्यांना केला तेवढाच. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला उठलो. ते इतके भरभर चालत होते की मी निम्म्या वाटेत राहिलो.

मी त्यांना भेटायला गेलो असेन असं तुम्हाला वाटेल. गेलो, पण माफी मागायला नव्हे. दोन महिन्यांनी साहेबांनी माझ्या मॅक्रोत, म्हणजे मास्तरांच्याच मॅक्रोत, डोकावून विचारलं, "काका, यादीवरून दोनदा का फिरवताय? एकच काम डबल?" मला सांगता येईना. चांगला प्रश्न, सर, असं म्हणून मी मोजायची फेरी काढून टाकली आणि माझी जुनी एक-एक वाढवायची ओळ परत घातली. वर्तुळ पुन्हा फिरायला लागलं. म्हणून मी नारपोलीला गेलो. माझं काम अडलं म्हणून.

मास्तर एका नातेवाइकाच्या कारखान्यात परत लूमवर लागले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी. दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेत फिरत होते, केसांवर कापसाची भुकटी. मला बघून त्यांनी हात वर केला, पण थांबले नाहीत, तेव्हा मीही मागोमाग फिरायला लागलो. त्या खडखडाटात त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला बेताचा वाटला.

"काय अडलं?" ते ओरडले.

काही अडल्याशिवाय मी येणार नाही हे त्यांनी धरलंच होतं. मी ओरडून सगळं सांगितलं. साहेबांना दोन फेऱ्या चालत नाहीत.

"मंग दुप्पट घे!"

"काय?"

"दुप्पट! नातीचा फ्रॉक कसा शिवतात? वाढत्या अंगाचा! बोटभर वाढली का नवा शिवतात काय? शंभरची जागा घे. भरली, दोनशेची कर. भरली, चारशे. बिऱ्हाड हलतं, पन मोजक्या वेळा. आनि शेवटी?"

"उरलेलं कापायचं!"

"ते तरी ध्यानात हाय."

आम्ही वाटेच्या टोकाला पोचून वळलो. आता बोलायलाच हवं होतं. मी सगळा श्वास गोळा केला.

"मास्तर! माझं चुकलं!"

"किती?"

"अं?"

"किती चुकलं? आकडा सांग."

"मॅक्रोचं नाही! त्या दिवशीचं! यादीचं! मी साहेबांना सांगितलं नाही!"

"ते व्हय." ते चालतच होते. "ते मला तवाच ठावं व्हतं. दोन मानसं, जागा एक. मोजायला येतं मला." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आनि बसायचं काम तुलाच जमतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आता सांगितलंस काय साहेबाला?"

"नाही अजून."

तेवढ्यात एक लूम थांबली. ते तिच्याकडे गेले, तुटलेला धागा दोन बोटांत धरून गाठ मारली, लूम चालू केली आणि पुढे गेले. मी वाटेत उभा. माझ्याशी बोलायचं त्यांचं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय हलायला लागायच्या आत, मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं, पाण्याचा बहाणा, चार ओळी, गाडीतली खोकी. मास्तरांना परत घ्या, वाटल्यास माझ्या जागी घ्या, असंही म्हणालो. हे शेवटचं म्हणताना आवाज जरा बारीक झाला.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग उठून उभे राहिले आणि चक्क माझा हात हातात घेतला. "काका, मास्तरजींचं आता काही होणार नाही. ती पोस्टच बंद झाली. पण तुम्ही हे स्वतःहून येऊन सांगितलंत! आजकाल कोण सांगतं? मी हे हेड ऑफिसला कळवणार. अशी माणसं पाहिजेत आम्हाला." संध्याकाळी सगळ्यांना बोलावून त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. पॅकिंगच्या बायांनीही वाजवल्या. एका बाईने मात्र हात पदरातच ठेवले, मी बघितलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. इतके महिने तिला मी यादी मीच केल्याचं सांगितलं होतं. ती मेथी निवडत होती. निवडत राहिली.

"तुला धक्का नाही बसला?"

"कशाचा? चाळीस मिनिटं अडलेलं काम तुम्ही पाणी पिऊन येईस्तोवर केलंत, असं त्या दिवशी सांगितलंत ना, तेव्हाच कळलं ते तुमचं नव्हे. सत्तावीस वर्षं बघतेय मी तुम्हाला."

मी म्हणालो, "पण आज सांगून टाकलं मी. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

तिने काड्यांचा ढीग एका हाताने बाजूला सारला आणि पहिल्यांदा वर बघितलं.

"म्हणजे काम त्यांनी केलं त्याचं नाव तुमचं, जागा तुमची, आणि आता खरं बोलल्याचं कौतुकही तुमचंच. अहो, त्या माणसासाठी काय ठेवलंत?"